पाटणादेवी एका दिवसात: आधी महादेव, मग गुहा, देवी शेवटी

आमच्याकडं पाटणादेवीची ट्रिप कशी होते ते खान्देशातल्या कुणालाही सांगायला नको. आठला निघू म्हणता म्हणता दहा वाजतात, चाळीसगावात नाश्ता, एक वाजता देवीचं दर्शन, मग झाडाखाली सतरंजी टाकून वरण-बट्टी नि घोटलेली वांगी, त्यानंतर पुरुषमंडळी आहे तिथंच आडवी, पोरं पाण्यात, आणि चार वाजले की एकदम घाई, चला चला अंधाराच्या आत जंगलाबाहेर निघू. मी लहानपणापासून असा सात-आठ वेळा गेलोय. आणि देवीच्या थोडं अलीकडं, कन्हेरगडाच्या पायथ्याशी, साडेआठशे वर्षांपेक्षा जुनं महादेवाचं देऊळ उभं आहे हे मला माहीतच होतं की, गाडीतून दरवेळी कुणीतरी बोट दाखवायचं आणि दुसरं कुणीतरी म्हणायचं "येताना बघू". येताना सगळे पेंगत असायचे. आत पाय टाकला तो वयाच्या पस्तिशीत.

तर सांगायचं एवढंच की क्रम उलटा करा. जागा त्याच, अंतर तेच, फक्त देवी शेवटी ठेवा. आमच्या आईला हे अजिबात पटलं नव्हतं, "देवीला न भेटता आधी दगडं पाहत फिरायची का रे?" असं तिनं गाडीतच सुनावलं. तिला म्हटलं महादेव पण देवच आहे ना, आणि वाटेत आधी तोच लागतो, त्याला ओलांडून पुढं जाणं बरं दिसतं का? यावर ती काही बोलली नाही. तुमच्याकडं पण असंच कुणी असेल तर हीच युक्ती वापरा.

आधी कधी जायचं ते. एप्रिल-मेमध्ये जाऊच नका, खान्देशचं ऊन तुम्हाला माहितीय, आणि देवळाच्या जोत्यावर अनवाणी चालायचं असतं, मी एकदा एप्रिलात दुपारी एकला तो प्रकार केलाय, उड्या मारत मारत प्रदक्षिणा झाली. पावसाळ्यात जंगल सुंदर दिसतं, केदारकुंड नि धवलतीर्थ धो धो वाहतात, पण गुहांची वाट शेवाळलेली असते आणि ओढ्याला अचानक पाणी येतं, सोबत म्हातारी माणसं असतील तर नको. नवरात्रात गर्दी एवढी की दर्शन सोडून काहीच होत नाही. ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारी हा खरा काळ. त्यातल्या त्यात डिसेंबर-जानेवारीत गेलात तर भरताची वांगी आणि कळण्याची भाकरी पण मिळते, हा वेगळा फायदा.

जायचं कसं, तर चाळीसगाव हे मुख्य. जळगाव-भुसावळकडून मनमाडच्या लाइनवर येतं, धुळ्याहून वेगळी ब्रांच लाइन आहे. स्टेशनवरून पाटणादेवी साधारण १८ किलोमीटर, नैऋत्येला, सातमाळ्याच्या डोंगराकडं. स्वतःची गाडी असेल तर उत्तम. नसेल तर चाळीसगावातून रिक्षा किंवा जीप ठरवा, पण ठरवतानाच "दिवसभर थांबायचं" हे स्पष्ट बोला नि पैसे परत आल्यावरच द्या. आम्ही एकदा जातानाच सगळे देऊन मोकळे झालो होतो, रिक्षावाला भाऊ जो गेला तो गेला, फोन लावावा तर जंगलात रेंज नाही. शेवटी एका लग्नाच्या टेम्पोत बसून आलो, वऱ्हाडाबरोबर वाजत गाजत. रेंजवरून आठवलं, ऑनलाइन पेमेंटच्या भरवशावर जाऊ नका, सुटे पैसे न्या, कारण हा सगळा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो (१९८६ साली जाहीर झालं ते), वनखात्याच्या नाक्यावर नोंद करावी लागते, प्रवेशाचे पैसे भरावे लागतात, आणि संध्याकाळी वेळेत बाहेर पडावं लागतं. बिबट्या आहे तिथं. दिसत नाही कुणाला, पण आहे.

जळगावहून गाडीनं निघणार असाल तर पहाटे साडेपाच. सहा नाही, साडेपाच. आठ-सव्वाआठपर्यंत महादेवाच्या देवळात पोचायचंय, कारण तिरपं ऊन नऊ-साडेनऊपर्यंतच भिंतीवर असतं, नंतर सूर्य वर चढला की सगळं सपाट दिसायला लागतं नि माणूस म्हणतो "हं, छान आहे, चला".

आता देवळात गेल्यावर काय करायचं. पहिली गोष्ट, लगेच आत घुसू नका. चपला काढा आणि जोत्यावरून बाहेरून एक पूर्ण चक्कर मारा, सावकाश. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळ्यांसारखा समोरून फोटो काढला नि आत निघालो तर तिथं बसलेले एक बाबा अहिराणीत म्हणाले, "भाऊ, लोके येतस, फोटू काढतस, नि चालना जातस. मांगे कोनीच जात नही." मागं गेलो. आणि खरं सांगतो, देऊळ मागच्या बाजूनंच कळतं. भिंत सरळ नाहीच, कोपऱ्यातून कोपरा, त्या कोपऱ्यातून आणखी एक कोपरा अशी दुमडत दुमडत गेलीय, आणि सकाळच्या उन्हात प्रत्येक कोपरा शेजारच्यावर सावली टाकतो, त्यामुळं दगड काळा असूनही भिंत पट्ट्यापट्ट्यांची दिसते. दहा मिनिटं तिथंच बसा, त्या सावल्या सरकताना दिसतात.

दुसरं, सांधे बघा. चुना नाही, दगडावर दगड नुसता बसवलाय. आईनं बेलाच्या पानाचं देठ एका सांध्यात घालून पाहिलं, गेलं नाही. मग तिनं दुसरीकडं ट्राय केलं, तिथं दगड जरा सरकलेत, तिथं गेलं. त्यानंतर ती अर्धा तास सांधेच तपासत फिरत होती, जशी काही कॉन्ट्रॅक्टरचं बिल पास करायला आलीय. हात मात्र मूर्तींना लावू नका, कुंकू-तेल पण नको, पुरातत्त्व खात्याचं संरक्षित देऊळ आहे आणि तेलानं दगड काळा होऊन नक्षी बुजते, हे आईला पण पटलं.

तिसरं, आत जाताना उंबऱ्यापाशी थांबा. आपण उंबरा ओलांडतो नि सरळ पिंडीकडं बघतो, पण अशा देवळांत खरं काम दाराच्या चौकटीवर असतं, वर मधोमध कोण बसलंय, बाजूच्या पट्ट्यांत काय काय आहे, खाली दोन्हीकडं कोण उभं आहे. आत अंधार असतो म्हणून छोटी टॉर्च न्या, मोबाइलची पण चालते, पण समोरून मारू नका. बाजूनं, अगदी भिंतीलगत धरून मारा. समोरून उजेड टाकला की नक्षी पुसल्यासारखी होते, बाजूनं टाकला की एकदम उठून येते. पोरांना हे फार आवडतं, आमच्याकडं टॉर्चवरून भांडणं झाली.

आणि हो, सगळे याला हेमाडपंती म्हणतात, मी पण म्हणतो, पण जरा हिशोब करून बघा. इथला शिलालेख शके १०७५ चा, म्हणजे ११५३ चा. हेमाद्रीपंत हा देवगिरीच्या महादेव यादव आणि रामदेवरायाचा प्रधान, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याच्या शंभर वर्षं आधीच हे देऊळ उभं होतं. बांधणारे होते निकुंभ घराण्यातले लोक, यादवांचे मांडलिक, खान्देशाचा हा भाग त्यांच्याकडं होता. इंद्रराजानं काम सुरू केलं, तो मध्येच गेला, मुलगा लहान म्हणून राणी श्रीदेवीनं कारभार पाहिला, आणि मुलगा गोवन, त्याच्या वेळी देऊळ पुरं झालं. बापानं पाया घातला नि लेकानं कळस चढवला, आमच्या गल्लीतल्या दोन घरांचं काम अजून असंच चालू आहे.

आता यातला सगळ्यात भारी भाग, ज्यासाठी मी लोकांना मुद्दाम पाटण्याला, म्हणजे देवीजवळच्या या पाटण गावाला, पाठवतो. इथल्या भवानीच्या पडक्या देवळात आणखी एक शिलालेख सापडला, एकोणिसाव्या शतकात, डॉ. भाऊ दाजींनी शोधला. शके ११२८ चा. त्यात काय आहे तर बाराव्या शतकातले थोर गणिती भास्कराचार्य, त्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, इथं मठ काढला, आणि निकुंभ सोईदेवानं त्या मठाला उत्पन्न लावून दिलं. चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. म्हणजे बघा, आठशे वर्षांपूर्वी चाळीसगाव तालुक्यात गणिताचं कॉलेज होतं, ग्रँट मिळणारं! आणि लेखाचा वरचा भाग संस्कृत असला तरी पैशाचा भाग आला की भाषा एकदम आपली होते: "इयां पाटणीं जें केणें उघटे". या पाटणात जो माल विकायला उघडेल त्यावरचा राजाचा जो वाटा, तो मठाला दिला. संस्कृत पंडितांसाठी, पण बाजारातल्या माणसाला कळायला हवं ना कशाचे पैसे द्यायचे, मग मराठीच लागते. मी हे वाक्य तिथं उभं राहून मोठ्यानं वाचलं होतं, बायको म्हणाली हळू, लोक बघतायत.

इथं दोन घोळ नेहमी होतात. एक म्हणजे हा चांगदेव आणि मुक्ताबाईचा शिष्य, चौदाशे वर्षं जगलेला म्हणतात तो योगी चांगदेव, दोन वेगळे. त्या चांगदेवाचं देऊळ आपल्या मुक्ताईनगर तालुक्यात, तापी-पूर्णेच्या संगमावर, ते पण बघण्यासारखं आहे, पण तो वेगळ्या दिवसाचा कार्यक्रम. दुसरा घोळ, भास्कराचार्य इथलेच का. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की सह्याद्रीच्या आश्रयानं वसलेल्या विज्जडविड नावाच्या गावचा मी, आणि ते गाव कुठलं यावर अभ्यासकांची भांडणं चालू आहेत, कुणी विजापूर म्हणतं, कुणी बीड, कुणी पाटणच. आपण खान्देशी माणसानं पाटण म्हणायला हरकत नाही, पण गाइडगिरी करताना छातीठोक सांगू नका. मठ मात्र इथं होता हे दगडात लिहिलंय, त्यावर कुणी वाद घालू शकत नाही.

सोबत शाळेतली पोरं असतील तर एक काम करा. देवळाच्या पायरीवर बसवून भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथातलं भुंग्यांचं गणित घाला. भुंग्यांचा एक थवा, त्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर, या दोघांत जो फरक आहे त्याच्या तिप्पट भुंगे कुटजावर, आणि एकच उरला तो केवड्याच्या नि जाईच्या वासात अडकून मध्येच भिरभिरतोय, तर एकूण भुंगे किती. भास्कराचार्य जन्मले १११४ ला, सिद्धांतशिरोमणी लिहून झाला ११५० ला, म्हणजे छत्तिसाव्या वर्षी, आणि लीलावती हा त्याचाच भाग. कुटज म्हणजे आपला कुडा. माझ्या सातवीतल्या पोरीनं काडीनं मातीत मांडून सहा मिनिटांत पंधरा आणलं, आणि तिच्या बापाला फक्त एवढंच माहीत होतं की उत्तर पंधरा आहे, कसं ते विचारू नका.

साडेनऊ-दहाला गुहांकडं निघा. भुंग्यांचं गणित झालं, आता खऱ्या मधमाश्या. कन्हेरगडाच्या कातळात नागार्जुन कोठी, सीतान्हाणी आणि शृंगारचावडी अशी कोरीव लेणी आहेत, आणि अशा कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. सेंट मारून जाऊ नका, बिडी-सिगारेट, धूप-अगरबत्ती काही पेटवू नका, आरडाओरडा नको. आमचा एक भाचा, नाव नाही घेत, डिओ फवारून आलेला, शिवाय लेण्यात आवाज घुमतो म्हणून शिट्ट्या मारत होता, चार चावल्या नि शिट्टी आपोआप बंद झाली. तेव्हापासून वर जायच्या आधी मी खालूनच कडा नीट बघतो. काळं पोळं दिसलं आणि त्याच्यावर लाटेसारखी हालचाल दिसली तर त्या दिवशी वर जायचंच नाही, लेणी कुठं पळून जात नाहीत.

चढ फार नाही पण मुरमाड आहे, पाय घसरतो, चप्पल नको, बूट पाहिजेत. वाट कळत नसेल तर नाक्यावरूनच कुणी माहीतगार सोबत घ्या, गुरं चारायला जाणारी पोरं पण दाखवतात, त्यांना पैसे द्या, फुकट राबवू नका. माणशी दोन लिटर पाणी खालूनच न्या. नागार्जुन कोठी हे जैन लेणं आहे, नाव नागार्जुनाचं पण आत तीर्थंकर बसलेत, हे असं आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी होतं, खरं नाव विसरलं की लोक नागार्जुन नाहीतर सीता नाहीतर पांडव यांच्यातलं एक लावून मोकळे होतात. आत बसलं की गार वाटतं आणि ओसरीतून खालचं अख्खं खोरं दिसतं, त्या झाडीत मघाचं महादेवाचं देऊळ काड्याच्या पेटीएवढं. गड चढायचा मोह होईल, घरचं माणूस खाली ताटकळत असेल तर आवरा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना देवळापाशी सावलीत बसवून ठेवायचं, एक जण सोबत ठेवायचा.

साडेबारापर्यंत खाली. आता देवी.

आणि इथं मी शहाणपणा शिकवणार नाही, कारण चंडिकादेवीचं दर्शन कसं घ्यायचं ते प्रत्येक घराचं ठरलेलं असतं, कुणाची कुलदेवता, कुणाचा नवस, कुणाची ओटी. फक्त एक, ओटीचं सामान चाळीसगावातूनच घ्या नाहीतर घरून आणा, आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या परत न्या. माकडं पिशवी बघूनच येतात, नारळ हातात उघडा धरू नका. उशिरा गेल्याचा फायदा असा की सकाळपासून उन्हातून फिरलेलं असतं, मग मंडपात बसल्यावर जे शांत वाटतं ते गाडीतून डायरेक्ट उतरून रांगेत उभं राहिल्यावर कधी वाटलं नव्हतं. आई पण म्हणाली, "आज दर्शन नीट झालं." क्रम उलटा केल्याचं क्रेडिट मला दिलं नाही, ते जाऊ द्या.

जेवण घरून न्यायचं. शिजवायचं असेल तर जंगलात कुठंही चूल पेटवू नका, जिथं परवानगी आहे तिथंच, वाळलेल्या पाल्याला ठिणगी पुरते. आमचं ठरलेलं म्हणजे बट्ट्या घरी उकडून तळून न्यायच्या, वरण थर्मासच्या डब्यात, वांग्याची भाजी, ठेचा, कांदा. दही नेलं तर लवकर संपवा. आणि जेवल्यावर आडवं व्हायचं असेल तर आता खुशाल व्हा, बघायचं सगळं बघून झालंय.

तीन-साडेतीनला निघा. कुणीतरी म्हणणारच की पितळखोरा इथून जवळ आहे, जाऊन येऊ. नका जाऊ. डोंगरातून ती तंगडतोड आहे नि गाडीनं जायचं तर चाळीसगावला परत येऊन कन्नडचा घाट चढून जावं लागतं. पितळखोऱ्याची बौद्ध लेणी इसवीसनाच्या आधीची आहेत, तिथल्या यक्षाच्या मूर्तीवर कण्हदास नावाच्या सोनारानं ही केली असं कोरलेलं आहे (यक्ष आता दिल्लीला), त्यांना अर्धा तास देऊन पळत येणं म्हणजे पाहुण्याकडं जाऊन चहा न घेता येण्यासारखं. त्यासाठी वेगळा रविवार काढा.

त्यापेक्षा जळगावकडं परतताना वाघळीला थांबा. चाळीसगावपासून दहा-बारा किलोमीटर, रस्त्यावरच, रेल्वेवाल्यांना पण सोपं, चाळीसगावच्या पुढचं स्टेशन. गावात शिरून मुधाईदेवीचं देऊळ विचारा. वाघळीचा शिलालेख तर पाटण्याच्याही आधीचा, शके ९९१, म्हणजे १०६९. यादव सेउणचंद्राचं राज्य, आणि त्याच्या हाताखाली इथं मौर्य म्हणवणारा गोविंदराज. मौर्य! आपलं मूळ गाव सौराष्ट्रातलं वलभी सांगणारे लोक वाघळीत. सकाळी पाटण्याला जे बघायला शिकलात, आधी मागून चक्कर, मग सांधे, मग चौकट, तेच इथं करा, अर्ध्या तासात होतं आणि पोरं स्वतःच टॉर्च बाजूनं धरतात.

देऊळ भरवस्तीत आहे, तेव्हा गाडी बाहेर लावा, गल्लीत वळत नाही. आम्ही वळवायला गेलो नि एका बाईंच्या वाळत घातलेल्या मिरच्यांवर चाक गेलं. उतरून माफी मागितली, मिरच्या भरून द्यायला लागलो तर त्या पैसे घेईनात, उलट चहा टाकला. तेवढ्यात आईनं त्यांचं माहेर काढलं, ते निघालं आमच्या आत्याच्या सासरच्या शेजारचं गाव, मग काय, पाचला निघायचे ते साडेसहा वाजले, आणि डिक्कीत दोन किलो मिरच्या.